बेसिक किती?

नातेपुत्यात सोयरीक जुळवताना मुलगा नोकरीत आहे म्हटलं, की दोन प्रश्न ठरलेले. "परमनंट आहे का?" आणि "बेसिक किती?" मुलगा नेमकं काम काय करतो, हा तिसरा प्रश्न बऱ्याचदा साखरपुड्यापर्यंत राहूनच जातो.

विचारणाऱ्यांचं चुकतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या, पुणे-पंढरपूर रस्त्यावरच्या या गावात एस.टी. स्टँडापासून नगरपंचायतीपर्यंत पायी निघालात, तर वाटेत कंडक्टर, पोस्टमन, गुरुजी, लाइनमन, पाटकरी, कोतवाल, आशाताई आणि झाडूवाले असे सगळे भेटतात. गावाच्या लेखी हे सगळे "सरकारी". पण प्रत्येकाचा पगार वेगळ्या टेबलावर ठरतो, आणि त्या टेबलासमोर बसणारी संघटनाही वेगळी. एकाला आयोग, दुसऱ्याला करार, तिसऱ्याला शासन निर्णय, चौथ्याला नुसतं मानधन. या टेबलांवरच्या काही गमती, जमतील तशा.

ताटात 90 अंडी

केंद्र सरकारचा किमान पगार 18,000 रुपये. 17,000 का नाही? सातव्या वेतन आयोगाने हा आकडा काढला तो चक्क वाणसामानाच्या यादीवरून. सूत्र जुनं आहे, 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेतलं, आणि त्यातला आहाराचा हिशेब डॉ. वॉलेस एक्रॉइड या पोषणतज्ज्ञाचा. कामगार स्वतः एक माणूस, बायको 0.8 माणूस, दोन मुलं प्रत्येकी 0.6. बेरीज बरोबर तीन. आई-वडील? शून्य. म्हणजे म्हातारीच्या गोळ्या आणि म्हाताऱ्याचा चष्मा हा खर्च सूत्राला मान्यच नाही.

या तीन "माणसां"साठी आयोगाने महिन्याचा जो शिधा मांडला, त्यात तांदूळ-गहू 42.75 किलो, डाळ 7.2 किलो, दूध 18 लिटर, मटण 5 किलो, मासे अडीच किलो आणि अंडी 90. शिवाय कापड साडेपाच मीटर. त्यावर घरभाडं, वीज-इंधन, सणवार-लग्नकार्य यांचे टक्के चढवले आणि 18,000 पर्यंत पोचले. माउलींची पालखी ज्या गावात मुक्कामाला असते, तिथल्या माळकरी पोस्टमनच्या ताटातही ही 90 अंडी आहेतच. तो खात नाही, पण पगारात मोजलेली आहेत. सोलापूर जिल्ह्याला खटकेल अशी गोष्ट वेगळीच. यादीत ज्वारीचं नाव नाही.

पहिल्या वेतन आयोगाने 1947 मध्ये सुचवलेला किमान पगार किती होता? 55 रुपये. त्यात 30 मूळ वेतन आणि 25 महागाई भत्ता. याच आयोगाच्या वेळी सरकारी दप्तरातली "कनिष्ठ दर्जाची सेवा" असा अर्थ असलेली पाटी उतरवून तिथे "वर्ग चार" आला. पगार वाढायच्या आधी अपमान कमी झाला, हेही काही थोडं नव्हे.

भाव सोलापूरचा, भत्ता दिल्लीचा

महागाई भत्ता ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. देशभरातल्या ठरावीक केंद्रांवर दुकानांत जाऊन भाव टिपले जातात. सध्याच्या मालिकेत अशी 88 केंद्रं आहेत. महाराष्ट्रातल्या मोजक्या केंद्रांत एक सोलापूर. गिरण्यांच्या काळापासूनचं हे कामगारांचं शहर, म्हणून यादीत त्याची जागा पक्की.

तेव्हा सोलापुरात डाळ किंवा कांदा महागला, तर त्याचा कणभर अंश दिल्लीतल्या सचिवाच्या आणि गुवाहाटीतल्या रेल्वे गँगमनच्याही भत्त्यात जातो. उलटंही खरं: सोलापुरात भाव पडले, तर तेवढं पाप सोलापूरच्या माथी. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, हा टक्का बदलतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ते फिरू लागतात.

भत्त्याचं भांडणही जुनंच. 1966-67 मध्ये केंद्राने खास महागाई भत्त्यासाठीच एक आयोग नेमला होता, अध्यक्ष न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर, शेजारच्या साताऱ्यात जन्मलेले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यावरचा आयोग आणि पहिला राष्ट्रीय श्रम आयोगही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. सरन्यायाधीशपदापर्यंत गेलेला हा माणूस पगाराच्या गुंत्यात आयुष्यभर अडकवला गेला.

54 दिवस

महाराष्ट्र आधी केंद्राच्या मागे जात नव्हता, स्वतःचे आयोग नेमायचा. वयस्कर पेन्शनरांना बडकस आयोग आणि भोळे आयोग ही नावं अजून पाठ असतात. न्या. भोळे यांच्या आयोगाचे पगार 1 एप्रिल 1976 पासून लागू झाले, पण कर्मचाऱ्यांचं समाधान झालं नाही. केंद्राच्या माणसाला जेवढा महागाई भत्ता, तेवढाच राज्याच्या माणसाला हवा, बाजार काही दोघांना वेगळा भाव लावत नाही, हा मुद्दा.

14 डिसेंबर 1977 ला संप सुरू झाला आणि 54 दिवस चालला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, संपाचे नेते र. ग. कर्णिक. जवळपास दोन महिने बिनपगारी. कचेऱ्यांतल्या लोकांना संप झेपत नाही असं मानणाऱ्यांची त्यात पुरती गाळण उडाली. आज कुठल्याही जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला "केंद्राप्रमाणे" हा शब्द उच्चारताना त्यामागचे 54 दिवस आठवतीलच असं नाही, पण तो शब्द आला तिथून.

तरी "केंद्राप्रमाणे" पुरतं झालंच नाही. सातव्या आयोगाचे राज्याचे नियम 30 जानेवारी 2019 ला निघाले. राज्यात एस-1 ते एस-31 अशा पायऱ्या. केंद्राची पहिली पायरी 18,000 ची. महाराष्ट्राची 15,000 ची. केंद्राचा माणूस जिथून सुरुवात करतो, ती राज्यात एस-5, म्हणजे खाली आणखी चार पायऱ्या आहेत.

एकच कारकून, किती तक्ते!

केंद्राच्या कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी तिसऱ्या आयोगात अशी लिहीत: 260-6-290-दक्षतारोध-6-326-8-366-दक्षतारोध-8-390-10-400. वाचताना दूरध्वनी क्रमांक वाटतो. पण त्यात एक माणूस आपलं आख्खं आयुष्य काढायचा. वर्षाला सहा रुपये, मग आठ रुपये, शेवटी दहा. आणि मध्ये दोनदा दक्षतारोध, म्हणजे फाटक. साहेबाने "हा पुढे जायला लायक आहे" असं लिहून दिल्याशिवाय पुढचे सहा रुपये नाहीत! पाचव्या आयोगाने हे फाटक काढून टाकलं. तेव्हापासून वार्षिक वाढ आपसूक मिळते. यामुळे कामाचा दर्जा घसरला म्हणणारे आहेत. साहेबाच्या घरची भाजी आणायची वेळ गेली म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या गटात.

त्याच कारकुनाची सुरुवात चौथ्या आयोगात 950 झाली, पाचव्यात 3,050. सहाव्या आयोगाने, म्हणजे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी, ढीगभर श्रेणी चार वेतनपट्ट्यांत कोंबल्या आणि "ग्रेड पे" नावाची नवी चीज आणली: 5,200 ते 20,200, ग्रेड पे 1,900. गावात त्या काळी माणसाची ओळखच ग्रेड पेने व्हायची, "एकोणीसशेवाला", "बेचाळीसशेवाला". सातव्याने ग्रेड पे मोडीत काढून तक्ता आणला. 2.57 ने गुणा आणि तक्त्यातल्या पुढच्या घरात जाऊन बसा. कारकुनाचा आधीचा सुरुवातीचा पगार 7,730, गुणाकार 19,866, तक्त्यातलं घर 19,900. राज्यात हीच लेव्हल एस-6.

तलाठ्याची एस-8, सुरुवात 25,500. मग 26,300, 27,100, 27,900. दर 1 जुलैला तीन टक्के, शंभराच्या पटीत. प्राथमिक शिक्षकाची एस-10, सुरुवात 29,200. गेल्या दोनेक वर्षांत तलाठ्याचा "ग्राम महसूल अधिकारी" झाला. पाटी बदलली, एस-8 तीच राहिली. पण पाटीची किंमत शून्य, असं कुणी समजू नये. लग्नपत्रिकेत "अधिकारी" छापता येतं.

1 जूनचे गुरुजी

हा प्रकार खास आपल्याकडचा. गावाकडच्या एका आख्ख्या पिढीचा वाढदिवस 1 जूनला येतो. जन्माची नोंद नव्हती, बाप पोराला शाळेत घेऊन आला, हेडमास्तरांनी पोराला डोक्यावरून कानाला हात लावायला सांगितलं आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून 1 जून ठोकून दिली. वर्ष अंदाजाने.

पुढे तीच पोरं गुरुजी, ग्रामसेवक, कारकून झाली. नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मे ला महाराष्ट्रात निवृत्तांची रांग लागते. हार आणि शालींचा सुकाळ. एकेका तालुक्यात त्या दिवशी निरोप समारंभांची एवढी गर्दी, की गटशिक्षणाधिकाऱ्याला भाषण कुठल्या शाळेत संपवलं आणि कुठल्या शाळेत सुरू केलं याचा पत्ता राहत नाही.

आता खरी मेख. वार्षिक वेतनवाढ 1 जुलैची. 30 जूनला निवृत्त होणाऱ्याचं वर्ष पुरं झालेलं, पण वाढ दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीत नाही. एका दिवसाने वाढ हुकायची आणि तिचा फटका पेन्शनला जन्मभर. यावर देशभर खटले चालले. 11 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात निकाल दिला: वर्षभर नीट काम केलं, वाढ कमावली, ती मिळालीच पाहिजे. 30 जूनवाले सुटले. 31 मेवाल्यांचे अकराच महिने भरतात, त्यांना काही नाही. हेडमास्तरांनी त्या दिवशी दौत पुढे ओढून 1 जूनऐवजी 1 जुलै लिहिलं असतं, तर एक वेतनवाढ पदरात पडली असती. पण शाळा भरायची जूनमध्ये!

आणखी एक. राज्यात गट अ, ब, क चे लोक 58 ला घरी जातात, गट ड चे 60 ला. त्यामुळे काही कचेऱ्यांत साहेब आला, गेला, आणि त्याला पहिल्या दिवशी खुर्ची दाखवणाऱ्या शिपायाने निरोपाच्या दिवशी हारही घातला. कचेरीचा खरा इतिहास कुणाकडे असतो ते यावरून कळेल.

चटोपाध्याय लागली का?

जिल्हा परिषद शाळेच्या मधल्या सुट्टीत हा प्रश्न ऐकला, तर बंगाली पाहुण्यांची चौकशी चाललीय असं वाटेल. बारा वर्षं सेवा झालेल्या शिक्षकाला जी वरिष्ठ श्रेणी मिळते, तिचं हे बोलीतलं नाव. देवीप्रसाद चटोपाध्याय हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, केंद्रात मंत्री होते, पुढे राजस्थानचे राज्यपाल. 1983 ते 85 मध्ये शिक्षकांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष. त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तकं माळशिरस तालुक्यात किती खपली कुणास ठाऊक, पण त्यांच्या नावाचे प्रस्ताव पंचायत समितीत कायम पडून असतात. "माझी चटोपाध्याय अडकलीय" असं गुरुजी म्हणतात, तेव्हा सेवापुस्तकातली एक नोंद, एक गोपनीय अहवाल आणि एक प्रशिक्षण प्रमाणपत्र यांपैकी काहीतरी सापडत नसतं. 24 वर्षांनंतरची निवड श्रेणी तर ठरावीक टक्के लोकांनाच मिळते. तिला मात्र कुणाचं नाव नाही, कदाचित म्हणूनच ती कुणाच्या वाट्याला येत नाही.

नव्या शिक्षकाची गोष्ट आणखी वेगळी. 2000 पासून पहिली तीन वर्षं तो "शिक्षणसेवक". सुरुवातीला महिना 3,000, मग 6,000, आणि 2023 पासून 16,000. वर्ग तोच, फळा तोच, बाजूच्या वर्गातल्या बाई एस-10 मध्ये.

पाटकऱ्याची आस्थापना

नीरा उजवा कालवा या भागाचा अन्नदाता. पाण्याची पाळी सुटली, की बागायतदारांना सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे पाटकरी. कागदावर तो पाटबंधारे खात्याच्या उतरंडीत खूप खाली. त्याच्यावर मोजणीदार, दप्तर कारकून, कालवा निरीक्षक. पण दार वर करायचं की खाली, हे रात्री दोन वाजता त्याच्या हातात असतं. उसाच्या फडात बेसिकवरून माणसाची पत ठरत नाही, हे नवीन शाखा अभियंत्याला पहिल्या आवर्तनातच कळतं.

कालव्यावर आणि रस्त्यांवर काम करणाऱ्या रोजंदारांसाठी एक खास खोली आहे: "रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापना", खात्यात सगळे सीआरटीई म्हणतात. 1967 च्या कालेलकर निवाड्यातून ती आली. रोजंदारीवर सलग पाच वर्षं काढली, की माणूस या आस्थापनेत येतो. मग वेतनश्रेणी, रजा, पुढे पेन्शन. नियमितही आणि अस्थायीही. हे लिहिणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यावी लागते. पण हसू नये, कारण कामगार संघटनांनी मिळवलेल्या गोष्टींत ही फार मोठी आहे. हातात फावडं घेऊन आलेल्या हजारो माणसांना म्हातारपणी दर महिन्याला बँकेत पैसे येतात ते त्या चार शब्दांमुळे. त्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी काम मुद्दाम तोडायचं आणि सलग सेवा होऊ द्यायची नाही, ही खेळीही तितकीच जुनी. कामगार न्यायालयांत हजेरीपटाच्या झेरॉक्सवरून वर्षानुवर्षं वाद चालले.

15,000 आणि 15,000

एस-1 चं मूळ वेतन 15,000. कोतवालाचं मानधन 2023 मध्ये 15,000 झालं. पोलीस पाटलाचं मानधन 2024 पासून 15,000. तीन आकडे सारखे. पण एस-1 च्या आकड्यावर महागाई भत्ता चढतो, जो आता 50 टक्क्यांच्या वर आहे, शिवाय घरभाडं. बेरीज 24,000 च्या आसपास जाते आणि दर जुलैला वाढते. कोतवालाचं मानधन आपोआप वाढत नाही. ते वाढायला मुंबईत आझाद मैदानावर जावं लागतं. म्हणूनच कोतवालांच्या संघटनेची मागणी वर्षानुवर्षं एकच आहे: रक्कम नंतर बोलू, आधी आम्हाला चतुर्थ श्रेणी द्या.

घरभाड्यावरून आठवलं. ते हवं तर मुख्यालयी राहा, आणि राहता याचा ग्रामसभेचा ठराव आणा, असा आदेश निघाला होता. मुलांना पाढे शिकवणाऱ्याने आपण कुठे झोपतो हे गावाकडून पास करून घ्यायचं. ग्रामसभेला कोरम कसा जमवायचा, हे त्यानंतर पुष्कळ गुरुजी शिकले.

सायकलचे 180

पोस्टात एकाच छपराखाली दोन जाती आहेत. खात्याचा पोस्टमन वेतन आयोगात. ग्रामीण डाक सेवक आयोगाच्या बाहेर. त्यांच्यासाठी स्वतंत्र समिती बसते. शेवटची कमलेश चंद्र समिती, तिच्यावरून 2018 मध्ये दर ठरले: शाखा डाकपालाला चार तासांच्या कामाला 12,000, पाच तासांच्या कामाला 14,500 पासून. आणि त्याला "पगार" म्हणत नाहीत, तो भत्ता. गंमत म्हणजे शाखा डाकपाल होणाऱ्याला उपजीविकेचं दुसरं साधन असावं अशी अटच आहे. सरकार नोकरी देतं आणि वर म्हणतं, हिच्यावर अवलंबून राहू नका.

सातव्या आयोगाने देशभरातले 196 भत्ते तपासले आणि 52 रद्द करा म्हणून सांगितलं. केस कापायचा भत्ता, साबणाचा भत्ता, गुप्त कामाचा भत्ता, असं काय काय त्यात निघालं. सायकल भत्ताही कापला होता. सरकारने तो पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी ठेवला आणि महिना 90 चा 180 केला. दुप्पट वाढ!

लाल गाडीचा करार

एस.टी.ला वेतन आयोग नाही. महामंडळ आणि मान्यताप्राप्त संघटना यांच्यात करार होतो, आणि तो वेळेवर झाला असं सहसा घडत नाही. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल 2022 पर्यंत चिघळला. मागणी पगारवाढीची कमी आणि जागा बदलण्याची जास्त होती: आम्हाला राज्य शासनात विलीन करा, म्हणजे त्या तक्त्यात बसवा. विलीनीकरण झालं नाही. पण मध्येच, 24 नोव्हेंबर 2021 ला, वाढ जाहीर झाली. दहा वर्षांपर्यंत सेवेच्या माणसाला मूळ वेतनात 5,000, दहा ते वीस वर्षांवाल्याला 4,000, वीसच्या वरच्याला 2,500. हिशेब सरळ होता, खालच्यांचे पगार फारच थोडे होते. पण पंचवीस वर्षं रात्रीच्या मुक्कामी गाड्या मारलेल्या ड्रायव्हरला, ज्याला आपण स्टिअरिंग धरायला शिकवलं तो पोरगा एका रात्रीत आपल्या जवळ येऊन बसला, हे पचायला जड गेलं. श्रेणीच्या भांडणात "मला किती" हा निम्माच प्रश्न असतो.

आणि आता "चालक तथा वाहक" असं जोडपदही आहे. माणूस एक, बॅज दोन. लेव्हल दोन मिळत नाहीत.

जवळच सदाशिवनगरला श्री शंकर सहकारी साखर कारखाना. तो सरकारी नाही, पण पगार तिथेही त्रिपक्षीय समितीत ठरतो: कारखानदार, कामगार संघटना, शासन. हंगामी कामगाराला गाळप बंद असतानाच्या महिन्यांचा धारणा भत्ता मिळतो, कुशलाला जास्त, अकुशलाला कमी. घरी बसल्याचे पैसे, पण घरी बसण्यातही श्रेणी.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत

डिसेंबर 2021 आणि जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत नातेपुते नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. सतरा नगरसेवक आले, मुख्याधिकारी आला. असा बदल होतो तेव्हा गावाला पाटी दिसते, ग्रामपंचायतीच्या जुन्या शिपायाला, पाणीपुरवठ्याच्या माणसाला आकृतिबंध दिसतो. किती पदं मंजूर, कोणत्या पदाला शिक्षण किती, आपण त्यात बसतो का. दहावी नापास झालेला, पण गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह अंधारात हाताने शोधणारा माणूस कागदावर "अकुशल" निघतो. पालखीच्या मुक्कामाला लाखाच्या घरातल्या लोकांना पाणी द्यायची वेळ आली, की हाक मात्र त्यालाच.

सफाई कामगारांसाठी नगरपालिकांत लाड-पागे समितीच्या शिफारशी लागू आहेत: कामगार निवृत्त झाला किंवा वारला, तर वारसाला नोकरी. संघटना तिच्यासाठी प्राणपणाने लढतात, आणि कंत्राटदाराच्या हाती गेलेल्या कामापुढे हा आधार मोठा आहे हे मान्य. तरी सरकारी नोकरीत बापाचं पद पोराला मिळायची हमी आहे ती झाडूचीच, कलेक्टरची नाही, ही गोष्ट मला तरी गमतीची वाटत नाही.

जुमलेदार 100, जुमलेदार 500

श्रेणी काही इंग्रजांनी आणल्या नाहीत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या फौजेचा तक्ताच आहे. पायदळाच्या जुमलेदाराला वर्षाला 100 होन, हजारीला 500. घोडदळाच्या जुमलेदाराला 500, हजारीला 1,000, पंचहजारीला 2,000. पदनाम एकच, घोडा असला की पाचपट! बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने मीटर रीडिंग घेत फिरणाऱ्या कंत्राटी पोरांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

ऑड्रीबाई आणि आशाताई

मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. काम पुरुष लघुलेखकांचंच, पगार कमी, कारण कंपनीच्या दप्तरी त्या "महिला लघुलेखिका" या निराळ्या कप्प्यात. संघटनेशी करार झालेला आहे, असंही कंपनीने सांगून पाहिलं. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही: काम एक तर दाम एक, करार असला तरी. म्हणजे संघटनेची सही हा प्रत्येक वेळी न्यायाचा शिक्का नसतो.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेत तेच घडलं. एकाच ग्रेडमध्ये कचरा उचलणारे पुरुष आणि शाळेत स्वयंपाक, सफाई करणाऱ्या बायका. बोनस फक्त पुरुषांना. बायका कोर्टात गेल्या, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. थकलेल्या रकमांचा डोंगर एवढा झाला, की 2023 मध्ये नगरपालिकेने हात वर केले. त्या देशातल्या सरकारी आरोग्यसेवेत तर प्रत्येक पदाला 16 निकषांवर गुण देऊन पट्टा ठरवतात. शारीरिक कष्टाला गुण, मनावर येणाऱ्या ताणालाही गुण.

आपल्या आशाताईंना गुण नाहीत, ग्रेड नाही, कामागणिक मोबदला. गरोदर बाईची सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली, की 600 रुपये, त्याचेही दोन तुकडे: आधीच्या तपासण्या करवून घेतल्याचे 300, दवाखान्यात नेल्याचे 300. रात्री अडीचला रिक्षा शोधण्याचा निकष तक्त्यात नाही.

फरकाचे हप्ते

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने आठवा वेतन आयोग नेमला. अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई, मुदत 18 महिने. श्रीकृष्ण आणि देसाई दोघेही मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले.

नातेपुत्यात लगेच हिशेब सुरू झाले, कारण अनुभव ताजा आहे. सातव्या आयोगाचा पगार 1 जानेवारी 2016 पासूनचा, राज्याचे नियम निघाले 2019 ला. मधल्या तीन वर्षांचा "फरक" पाच हप्त्यांत द्यायचा ठरला, मग कोरोना आला, आणि हप्ते लांबतच गेले. त्याच फरकावर कुणी स्लॅब टाकला होता, कुणी पोरीचं लग्न काढलं होतं, कुणी पतसंस्थेतून कर्ज उचललं होतं. आता आठव्याचा गुणक किती, यावर पैजा चालू आहेत. पतसंस्थांनी मात्र पैजेत पडायचं टाळलंय. त्यांचे कर्जाचे अर्ज छापून तयार आहेत.